डांबराचे म्हातारपण

रस्ता म्हातारा होतो असे म्हटले की ऐकणारा हसतो. आपल्याकडे रस्त्याच्या दोनच अवस्था लोकांना ठाऊक असतात. एक नुकताच झालेला, दुसरा उखडलेला. या दोहोंच्या मध्ये जो पाच-दहा वर्षांचा काळ जातो, त्या काळात रस्त्याचे काय होत असते, याची चौकशी कोणी करीत नाही. माणसाचेही थोडेफार तसेच आहे म्हणा. बारशाला गर्दी असते, तेराव्यालाही असते. मधली वर्षे ज्याची त्याने काढायची असतात.

माझी चौतीस वर्षे या मधल्या काळाशी झटण्यात गेली. मी मूळचा नवापूरकडचा. ज्या स्टेशनच्या फलाटावरून राज्याची सीमा जाते, अर्धे स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असते, त्या गावच्या माणसाला परका प्रांत असा फारसा ठाऊकच नसतो. १९७९ साली मी सुरतेला आलो. त्या काळी खानदेशातून येणारा प्रत्येक जण उधना, लिंबायत, पांडेसरा इकडे खोली बघायचा आणि लूमवर किंवा मिलमध्ये चिकटायचा. माझे नशीब डांबराला चिकटले. रस्त्याची कामे घेणाऱ्या एका कंत्राटदाराच्या हॉटमिक्स प्लांटवर, पत्र्याच्या एका खोलीत, मला तपासनीसाचे काम मिळाले. एक तराजू, एक भट्टी, दोन-तीन यंत्रे आणि एक जाड वही, एवढीच प्रयोगशाळा. बाहेर जी खडी तीच आत कपची, बाहेर जे डांबर तेच आत डामर. दोन्ही भाषांत हात काळे व्हायचे ते सारखेच.

गावी गेलो की म्हातारी मंडळी विचारीत, "काय करतोस रे सुरतेला?" मी म्हणे, "डांबर तपासतो." त्यावर सगळे पोट धरून हसत. डांबरात तपासायचे ते काय? काळे तर असते! आज हा लेख लिहायला घेतला तो त्या हसण्याचे उत्तर म्हणून.

डांबर म्हणजे खनिज तेलातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल सगळे काढून घेतल्यावर तळाशी उरणारा गाळ. पण हा गाळ मोठा गुणी आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहातून पाणी झिरपू नये म्हणून चार-साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथल्या गवंड्यांनी निसर्गात सापडणाऱ्या डांबराचाच लेप दिला होता. डांबराच्या पोटात तेलकट भाग असतो, राळेसारखा चिकट भाग असतो, आणि या दोहोंत तरंगणारे जड, कडक कण असतात. त्यांना ॲस्फाल्टीन म्हणतात. तेल आहे तोवर डांबर लवचीक. पण हवा त्याला सुखाने राहू देत नाही. बरणीतले शेंगदाण्याचे तेल उघडे राहिले तर जसे खवट होते, तसाच हा प्रकार. हवेतला प्राणवायू तेलकट भागात शिरतो, त्याची राळ करतो, राळेचे कडक कण करतो. वर्षामागून वर्षे डांबर घट्ट, कोरडे आणि ठिसूळ होत जाते. यालाच त्याचे म्हातारपण म्हणायचे.

हे मोजायची जुनी रीत अगदी सोपी. शंभर ग्रॅम वजनाखाली एक सुई, पंचवीस अंश तापमानाच्या डांबरावर पाच सेकंद टेकवायची आणि ती किती आत गेली ते पाहायचे. सहा-सात मिलिमीटर गेली तर ते 'साठ-सत्तर'चे डांबर. वय झालेल्या डांबरात तीच सुई वर्षागणिक कमी कमी शिरते. कितीएक वर्षे आमची सगळी विद्या या सुईच्या टोकावर उभी होती.

डांबराचे अर्धे म्हातारपण रस्त्यावर येण्याआधीच उरकते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. प्लांटवर तापलेल्या खडीवर डांबराचा पातळ पापुद्रा चढतो. त्या पापुद्र्याला एकाच वेळी भयंकर उष्णता आणि भरपूर हवा मिळते. जे वय रस्त्यावर काही वर्षांत चढले असते, ते तिथे मिनिटांत चढते. म्हणूनच प्रयोगशाळेत डांबराला मुद्दाम म्हातारे करायचे एक यंत्र असते. काचेच्या फिरत्या बाटल्यांत पस्तीस-पस्तीस ग्रॅम डांबर घालून १६३ अंशांवर सुमारे दीड तास त्यावर गरम हवा सोडतात. हे झाले प्लांटवरचे वय. पुढची रस्त्यावरची वर्षे पाहायची तर त्याच डांबराला एका बंद भांड्यात, हवेच्या एरवीच्या दाबाच्या वीसपट दाबाखाली, शंभर अंशांच्या आसपास वीस तास ठेवतात. वीस तासांत अनेक वर्षांचे म्हातारपण! हे यंत्र मी प्रथम पाहिले तेव्हा त्याच्यासमोर उभे राहायला जरा भीतीच वाटली होती.

सुरतेच्या रस्त्यांचा जाच मोठा. उन्हाळ्यात हवा चाळिशी ओलांडते तेव्हा काळा रस्ता साठ अंशांच्या घरात जातो. त्यावरून हजिऱ्याच्या बाजूचे अवजड ट्रक आणि कापडाचे तागे कोंबलेले टेम्पो जातात. रिंगरोडच्या मार्केटांपाशी ते दर पन्नास पावलांवर ब्रेक मारतात. मग पावसाळा चार महिने धुऊन काढतो. साध्या डांबराला उन्हात चाकोऱ्या पडत आणि पुढे तेच कडक झाले की तडे जात. मगरीच्या पाठीसारखे ते तडे आपण सर्वांनी पाहिले आहेत.

नव्वदच्या दशकात यावर उपाय म्हणून डांबरात पॉलिमर मिसळण्याची चर्चा आपल्याकडे वाढली. इंडियन रोड्स काँग्रेसने १९९९ साली त्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली, २००४ साली भारतीय मानकही आले. आमच्या प्लांटवर असा पहिला टँकर आला तो या दोन वर्षांच्या मध्ये केव्हातरी. यातला मुख्य पॉलिमर म्हणजे एसबीएस. त्याच्या रेणूची दोन टोके कडक आणि मधला भाग रबरासारखा ताणला जाणारा. शंभर किलो डांबरात तीन ते पाच किलो एवढाच तो घालतात. पण कडक टोके एकमेकांना धरून बसतात, मधले धागे पसरतात, आणि सबंध डांबरात कोळ्याच्या जाळ्यासारखे एक रबरी जाळे तयार होते.

हे जाळे आहे की नाही ते पाहायची परीक्षा मला सगळ्यांत आवडायची. पाण्याच्या हौदात डांबराचा छोटा ठोकळा दहा सेंटिमीटर ताणायचा, मधोमध कात्रीने कापायचा आणि तासभर स्वस्थ बसायचे. साधे डांबर कापल्या जागी मेल्यासारखे पडून राहते. पॉलिमरचे डांबर मात्र हळूहळू मागे सरकते. आपले मूळचे रूप आठवल्यासारखे आखडत जाते. दहातले साडेसात-आठ सेंटिमीटर परत आले की माल चांगला. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी तासभर हौदावरून उठलो नव्हतो.

या नव्या डांबराच्या म्हातारपणाची तऱ्हा मात्र वेगळी निघाली, आणि सांगायची खरी गोष्ट ती हीच. साध्या डांबराचे म्हातारपण एकाच दिशेने जाते, कडक होण्याकडे. पॉलिमरच्या डांबरात दोन म्हातारपणे एकाच वेळी चालू असतात आणि ती उलट दिशांना ओढतात. डांबर घट्ट होत असते. त्याच वेळी तोच प्राणवायू आणि तीच उष्णता रबरी धागे तोडत असतात. जाळे तुटले की माल सैल पडतो. एकीकडून घट्टपणा चढतो, दुसरीकडून सैलपणा येतो, आणि वरवर पाहणाऱ्याला वाटते की काहीच बदललेले नाही!

आमच्याकडे दुसरी एक रोजची परीक्षा असे. पितळी कडीत डांबर भरून त्यावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची आणि पाणी तापवत जायचे. ज्या तापमानाला गोळी डांबरासकट एक इंच खाली उतरेल, तो त्याचा मृदू होण्याचा अंश. परीक्षा सोपी, झटपट, आणि साहेबलोकांच्या पाठ झालेली. पण दोन विरुद्ध म्हातारपणांनी एकमेकांना तोलून धरले असेल, तर ही गोळी काही सांगत नाही. आकडा तोच येतो. आत जाळ्याच्या चिंध्या झालेल्या असतात.

एका कामावर याचा अनुभव आला. रस्ता खोदायची परवानगी लांबली आणि पॉलिमरच्या डांबराची टाकी प्लांटवर तापती तशीच पडून राहिली. एक आठवडा झाला, दोन झाले, तिसरा लागला. असा माल फार दिवस तापवत ठेवू नये, तो सारखा ढवळता हवा, नाहीतर पॉलिमर वर तरंगतो आणि डांबर खाली बसते. आमच्या टाकीचे ढवळणे मधूनच बंद असे. आमच्याकडे साक्रीकडचे एक मुकादम होते. सगळे त्यांना आबा म्हणत. शाळा दोन इयत्ता, पण डांबरातली त्यांची नजर कोणत्याही यंत्राच्या तोडीची. एके सकाळी त्यांनी टाकीतून काठीवर थोडा माल घेतला, दुसरी काठी टेकवून धागा ओढला आणि मला म्हणाले, "भाऊ, हाई डांबर म्हतारं व्हई गये. ताणाले गये का तुटी जास."

मी आत येऊन गोळी लावली. आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याहून जेमतेम अंशभराने वेगळा. मग हौद भरला, धागा ताणला, कापला, तासभर बसलो. पहिल्या दिवशी तीन चतुर्थांशाहून अधिक परत आलेला धागा त्या दिवशी निम्माही परत आला नाही. आबांची काठी खरी ठरली होती.

वरिष्ठांपुढे दोन्ही आकडे ठेवले. ते म्हणाले, "गोळीचा आकडा बरोबर आहे ना? मग तेवढा लिहा आणि सही करा." मी म्हटले, "साहेब, दोन्ही लिहीन. सही दोन्हींच्या खाली करीन." बोलाचाली झाली. पंधरा-वीस टन मालाचा प्रश्न होता, लाखांचा मामला होता. अखेर तो माल वरच्या थरात गेला नाही, दुसऱ्या किरकोळ कामांना वापरला गेला. मलाही दोन महिन्यांत खडीच्या वजनकाट्यावर बसवले. वर्षभर मी ट्रक मोजले. त्याचे दुःख नाही. आबांचे नाव कागदावर कुठे आले नाही, त्याचे मात्र अजून वाटते.

उष्णतेचा हा लोभ फार जुना आहे. प्लांट शहराबाहेर आणि काम शहरात. सहारा दरवाज्यापाशी डंपर अडकला की अर्धा तास कुठेच गेला नाही. माल निवाला तर पेव्हरमधून नीट पसरत नाही, रोलरखाली दबत नाही. मग साइटवरून निरोप येई, "माल जरा गरम मोकलजो!" पॉलिमरच्या मालाला साधारण १६५ ते १८५ अंश पुरेत, त्यावर चढवले की डांबर जळते आणि धागे तुटतात. चिमणीतून, डंपरमधून निळसर धूर निघू लागला की समजावे, रस्त्याची काही वर्षे त्या धुराबरोबर उडून चालली आहेत. यावर साधा उपाय ताडपत्रीचा. डंपरवर धड ताडपत्री बांधली तर पुष्कळ ऊब टिकते. पण ताडपत्री बांधायला दहा मिनिटे लागतात आणि बर्नर वाढवायला एक क्षण पुरतो!

त्या धुरात कोण उभे असते, हेही सांगायला हवे. दाहोद-पंचमहालचे, आपल्या नंदुरबारच्या डोंगरातले आदिवासी, नवरा-बायको दोघेही. पायांना चिंध्या गुंडाळून, हातात दाताळे घेऊन, तापलेला माल पसरणारी ही माणसे. माल वीस अंश जास्त तापला तर रस्त्याच्या आधी यांचे वय वाढते.

रस्ता झाल्यावरचे म्हातारपण संथ असते. रोलरने नीट दाबलेल्या थरात शंभर भागांत सात-आठ भागच पोकळी उरते. दाबण्यात कुचराई झाली तर त्याहून जास्त उरते आणि त्या पोकळीतून हवा-पाणी खोलवर जाते. आधी वरचा बोटभर थर वाळतो, मग खडी सुटू लागते, मग तडे, मग त्यांतून पाणी, मग खड्डा. २००६ सालच्या ऑगस्टात तापीच्या पुराने सुरत बुडाली, त्यानंतर मी शहरभर हिंडलो होतो. ज्या रस्त्यांना आधीच तडे होते त्यांचे कपटे निघाले होते. ज्यांची कातडी अजून मऊ होती त्यांतले पुष्कळ चिखलाखालून धुऊन निघाले. लोक म्हणाले, पुराने रस्ते नेले. मला वाटते, पुष्कळ रस्ते आधीच गेलेले होते, पुराने ते दाखवले.

आणखी एक नवल. जो रस्ता कमी वापरतात तो जास्त टिकत असेल, असे आपल्याला वाटते. तसे नेहमी होत नाही. मधल्या गल्लीत चाकांचे वजन डांबराला मळत राहते, पोकळी दाबून टाकते. बारीक भेगा उन्हात मिटतातही. कडेची, कोणी न वापरलेली पट्टी मात्र उन्हात नुसती पडून वाळते आणि पुष्कळदा आधी तडकते. अतिभाराने रस्ता मोडतो हे खरेच; पण वापर नसल्यानेही तो मरतो.

हे लिहिताना घरची मंडळी डोळ्यांसमोर येतात. आपण सीमेवरची माणसे दोन भाषांच्या मिश्रणावर जगतो. माझी मराठी मी १९७९ साली गावाहून आणली तशीच जपली. आज गावी गेलो तर तिथली पोरे माझे शब्द ऐकून हसतात. ती घट्ट झाली आहे. माझी मुले सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकली, व्यवहार गुजरातीत करू लागली. नातू घरात तीन भाषांचे कडबोळे बोलतो. पाहुणे म्हणतात, "वा, मराठी येते की याला!" ही गोळीची परीक्षा झाली. 'जेवलास का, बस, ये' एवढ्याने ती पास होते. मी त्याला रात्री गोष्ट सांगायला लावतो. अर्ध्यावर तो गुजरातीत घसरतो, मी गप्प राहतो. कधी कधी तो आपणहून मराठीत परत येतो, कधी नाही येत. जो परत येतो त्याचा धागा शाबूत आहे असे मी समजतो. कडेच्या पट्टीसारखी कोरडी पडू द्यायची नसेल तर भाषेवरून रोज चाके गेली पाहिजेत, मग ती दोन्ही प्रांतांची का असेनात.

असो. डांबराकडे वळतो. आता परिस्थिती थोडी सुधारते आहे. भारतीय मानकाची २०१९ साली सुधारित आवृत्ती निघाली, तीत मुद्दाम वय चढवलेल्या डांबराच्या परीक्षांना जागा मिळाली आहे. म्हणजे नवरदेवाचा फेटा पाहण्यापेक्षा तो संसार कसा करील हे पाहायचे. जुना रस्ताही आता टाकून देण्याची वस्तू राहिलेली नाही. त्याचा वरचा थर खरवडून, ताजे डांबर आणि गेलेला तेलकट भाग भरून काढणारी द्रव्ये मिसळून तो पुन्हा वापरता येतो. फक्त एक ध्यानात ठेवावे. तेलाने डांबराचा घट्टपणा उतरतो, पण तुटलेले रबरी धागे नुसत्या तेलाने जुळत नाहीत. जाळे पुन्हा हवे असेल तर ताजा पॉलिमरच घालावा लागतो.

पण माझ्या मते खरी उणीव यंत्रांची नाही. आपण रस्त्याची परीक्षा त्याच्या जन्माच्या दिवशी घेतो, बिल पास करतो आणि फाइल बांधतो. हमीची मुदत संपायच्या आत, तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी, त्याच रस्त्याचा एक गोल तुकडा कापून त्यातले डांबर काढावे आणि पाहावे की ते किती घट्ट झाले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ताणल्यावर किती परत येते. दोन्ही आकडे लोकांना दिसतील असे लावावेत. खर्च फार नाही. कंत्राटदाराला ठाऊक असले की पाचव्या वर्षी कोणीतरी हौद भरून तासभर बसणार आहे, तर तो पहिल्या दिवशी ताडपत्री बांधील.

दिवाळीला तुमच्यापैकी कितीतरी जण सुरतेहून सोनगड-नवापूरच्या वाटेने गावी निघाले असतील. वाटेत चहाला थांबाल तेव्हा रस्त्याच्या मधल्या गुळगुळीत भागाकडे बघू नका. कडेला जा. खडी सुटली आहे का, रंग करडा पडला आहे का, बारीक तडे आहेत का, ते पाहा. मुलांनाही दाखवा. रस्त्याचे वय तिथे लिहिलेले असते, आणि ते वाचायला कोणत्याच भाषेची अडचण येत नाही.